बैठकीच्या खोलीतली मोटारशर्यत

आमच्या खानदानातला सर्वात मोठा मोटार-अपघात बैठकीच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या झाला. गाडी मी चालवत होतो.

मे महिना, चंद्रपूर आणि घरी व्याही! (आमच्याकडे व्याह्यांना इवाई म्हणतात, आणि इवायाची टर उडवणं हा दोन्ही बाजूंचा जन्मसिद्ध हक्क असतो.) नामदेवभाऊंची हयात आलापल्लीच्या जंगलात सरकारी जीप चालवण्यात गेलेली. सूनबाईने, म्हणजे त्यांच्याच लेकीने, वरच्या खोलीतल्या आपल्या कॉम्प्युटरवरचा मोटारशर्यतीचा गेम वायफायने खालच्या टीव्हीवर आणून दाखवला, आणि माझी जीभ वळवळली.

"इवाई, तुमच्या जंगलात समोरून रानडुक्कर येते, गाडी कुठी येते? खरी ड्रायव्हिंग आमच्याकडून शिका!"

"लावा मंग शर्त," ते म्हणाले. "आळीपाळीनं चालवू. जो हारन, तो उद्या साऱ्या घराचे रोडगे भाजन."

रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, भर अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजायचे. तेही मे महिन्यातल्या चंद्रपुरात, जिथे दुपारी कावळासुद्धा सावली सोडत नाही! तरी मी हो म्हणालो.

पहिली पाळी पाहुण्यांची. ते टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले. "इवायाले गरम होऊन राह्यलं असन," म्हणत आमच्या सौ.ने चाकांवरचा कूलर ढकलत त्यांच्या बाजूला आणला. त्यांची गाडी सुळसुळत फिरली आणि सुखरूप परत आली.

मग माझी पाळी. इवाई मागच्या भिंतीजवळच्या दिवाणावर जाऊन लवंडले, कूलरही त्यांच्या मागोमाग गेला, आणि माझी गाडी सुटली. मी डावीकडे वळवली. गाडीने ऐकलं नाही. पुन्हा वळवली. गाडी जागीच थिजली, विचार केला, आणि मग दोन्ही हुकूम एकदम पाळून तणसाच्या ढिगात घुसली!

"लॅग येऊन राह्यला, मामाजी," सूनबाई म्हणाली. "तुम्ही बटन दाबता, ते उशिरा पोचून राह्यलं."

"ड्रायव्हरच उशिरा पोचून राह्यला असन," दिवाणावरून आवाज आला.

आता प्रश्न अब्रूचा होता. मी राउटर बंद करून पुन्हा सुरू केला. सौ.ची मोबाइलवरची सिरीयल ऐन लग्नाच्या मंगलाष्टकांत बंद पाडली. (त्याबद्दल मला अजून माफी मिळालेली नाही.) मग संशय वानरांवर गेला. ती केबलवर बसतात! भर उन्हात गच्चीवर चढून मी काठीने वानरं हाकलली. जाता जाता एकाने उन्हासाठी डोक्याला बांधलेला माझा दुपट्टा नेला. धापा टाकत खाली आलो, तर इवाई खुर्चीत आणि गाडी भरधाव!

"तुम्ही वरती होते तवा चालवून पाह्यली जी. मस्त चालून राह्यली."

मी बसलो. ते दिवाणावर गेले. कूलरही गेला. पाहुणचारात कमी नको म्हणून सौ.ने टाकी काठोकाठ भरली. आणि माझी गाडी बाजारातल्या गाईसारखी रस्त्याच्या मधोमध बसली.

"हे काय चालू हाये?" मी किंचाळलो. "माह्या घरचं नेट पाहुण्याले चालते, आन् मले नाई?"

सूनबाई आळीपाळीने टीव्हीकडे आणि दिवाणाकडे बघत होती. एकदम ओरडली, "मामाजी, कूलर! राउटर दिवाणाच्या मागच्या फळीवर हाये. बाबा तिथी बसले का कूलर मधात येते. लोखंडाचा पत्रा आन् टाकीभर पाणी! सिग्नल येईन कुठून?"

सगळ्यांनी सौ.कडे पाहिलं.

"मंग काय इवायाले उकडू देऊ?" ती म्हणाली.

मी अक्षरशः नाचलो! "पाह्यलं? मी नाई, कूलर हारला! शर्यत पुन्हा!" इवाई मोठ्या मनाचे. त्यांनी स्वतःच कूलर बंद करून कोपऱ्यात ढकलला आणि घाम पुसत म्हणाले, "चालवा. आता बहाना नाई चालणार."

चित्र अगदी लख्ख. मी डावीकडे वळवली, गाडी तत्क्षणी डावीकडे. उजवीकडे वळवली, तत्क्षणी उजवीकडे. रस्ता मात्र सरळ होता. पहिलं वळण यायच्या आधीच मी तळ्यात होतो, आणि यावेळी अजिबात उशीर झाला नाही.

सौ. पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात पळाली.

"इवाई," नामदेवभाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अटकत अटकतच बरी चालून राह्यली होती तुमची गाडी."

दुसऱ्या दिवशी रोडगे मी भाजले. वरून कोळसा, आतून कणीक. इवायांनी तेही मागून मागून खाल्ले आणि प्रत्येक घासाला माझ्याकडे बघून हसले.

तेव्हापासून शर्यतीचा विषय निघाला, की मी मान हलवून सांगतो, "आमच्याकडं नेट लई स्लो हाये जी." कंपनीकडे तक्रार मात्र करत नाही. त्यांनी येऊन खरंच फास्ट करून दिलं, तर पुढच्या वेळी मी खापर कोणावर फोडू?