फ्रिजमधला पाहुणा

कतारमधल्या यच्चयावत किड्यामुंग्यांना हक्काचे एकच नातेवाईक आहेत, आणि ते म्हणजे आमचे साडू. रास लफानच्या गॅस प्लांटवर इंजिनिअर असलेला हा गृहस्थ बाल्कनीतला दिवा लावू देत नाही, कारण पतंग त्यावर डोकं आपटून दमतात. एकदा कंपनीच्या बसच्या पायरीवर नाकतोडा बसला होता, तर ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत असताना साडूंनी अख्खी बस अडवून धरली आणि अदबीनं सांगितलं, "दो मिनट भाई, पहले उनको उतरने दो."

गेल्या हिवाळ्यात प्लांटवर फिनलंडहून मशीन आलं. त्याच्या खोक्याच्या पाइनच्या फळीवर थोडी साल राहिली होती, आणि त्या सालीत यांना एक तपकिरी कोश सापडला. "उत्तरेकडच्या जंगलातला पतंग. तिकडे बर्फाखाली झोपतो," असं म्हणून यांनी तो सालीच्या तुकड्यांसकट घरच्या फ्रिजमध्ये ठेवला. तोही आमच्याच डब्यात, ज्यातून आम्ही दिवाळीचा चिवडा पाठवला होता! मेहुणी वळणाची; कुणाचा डबा ती रिकामा परत करत नाही. हिवाळा सरल्यावर, साडू आठवडाभर प्लांटवर मुक्कामाला असताना ती त्यांच्या मुऐदरच्या घरून आमच्याकडे आली. घरून निघताना तिनं फ्रिजमधला डबा हलवून पाहिला, आत काहीतरी खुळखुळलं, आपणच कधीतरी सुपारी भरली असेल असं समजून तिनं तो तसाच आमच्या हाती दिला. आमच्याकडे सुपारी कोणी खात नाही, म्हणून डबा ओट्यावर पडून राहिला.

शुक्रवारी संध्याकाळी साडू प्लांटवरच्या कव्हरऑलमध्येच आमच्या दारात. चेहरा पांढराफटक.

"कोणी खाल्लं नाही ना?"

"काय खाल्लं, भाऊजी?" बायकोनं विचारलं.

साडूंनी ओट्यावरच्या डब्याचं झाकण उघडलं. कोश फुटला होता. पलीकडे सालीवर नखाएवढा तपकिरी पतंग बसला होता, जिवंत. मी वाकून पाहिलं. लांबून धणेपुडीसारखा दिसणारा तो रंग जवळून पाहिला तर बारीक नागमोडी रेघांनी भरलेला होता. एवढासा जीव बर्फ सोडून, समुद्र ओलांडून, फ्रिजमध्ये निजून आमच्या ओट्यावर जन्माला आला होता. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली?

अंधारू लागलं तसं त्या जीवानं पोटाचं टोक वर उचललं.

"मादी आहे," साडू कुजबुजले. "वास सोडून नराला बोलावतेय. तिकडे फार लांबून येतात."

"आणि इथं?"

साडूंनी उठून एसी बंद केला आणि खिडकी सताड उघडली.

"अहो, इथं कोण येणार?" मी म्हटलं.

"कोणी नाही. पण तिला ते कोण सांगणार?"

मग आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो, आणि खरं सांगतो, मीसुद्धा खिडकीकडेच पाहत होतो.