मालक नोकर होते

काका वारले तेव्हा बायका रडायला बसल्या आणि मी चहा टाकायला उठले. डोळ्यांत टिपूस नव्हतं. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

माझे वडील अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे हे काका, यांचं सोलापुरात सूत रंगवायचं दुकान होतं. दोघांची भागीदारी. माझी आई, आमची अव्वा, आमच्याकडच्या बायकांच्या रीतीनं नवऱ्याला "मालक" म्हणायची. अण्णांना माती दिली त्याच आठवड्यात काकांनी दुकान बंद केलं आणि चार पाहुण्यांदेखत तिला सुनावलं, "वाटा कसला मागता वैनी? दादा माज्याकडं पगारावर होता की."

मी ते वाक्य जपून ठेवलं.

वर्षभरानं काका आपल्या पायांनी आमच्या दारात आले. इन्कमटॅक्सच्या साहेबानं बंद दुकानाचा मागचा सगळा नफा त्यांच्या एकट्याच्या नावावर धरला होता. भागीदारी नोंदवली गेली, तर नफा दोघांत विभागून कर पुष्कळ कमी बसणार होता. पण त्यासाठी साहेबाला वारलेल्या भागीदाराच्या बायकोची कबुली हवी होती.

"वैनी, येवढं साहेबाम्होरं सांगा. वाटाबी देतो."

"थुंक त्या वाट्यावर," मी अव्वेला आत नेऊन म्हटलं. ती बाहेर जाऊन काकांना म्हणाली, "येते."

कचेरीत मी तिच्या शेजारी उभी होते. साहेबानं विचारलं, "बाई, तुमचे यजमान दुकानात भागीदार होते ना?"

अव्वेनं पदर सारखा केला.

"न्हाय साहेब. आमचे मालक नोकर होते."

कारकून फिसकन हसला. साहेब गोंधळले. "अहो, मालक की नोकर?"

"नोकर. ह्या भावजींनीच सांगितलंय की, चार मानसांत."

काकांचं तोंड पांढरंफटक पडलं. "वैनी, अवो वैनी," करत ते हात जोडायला लागले. मी डोळे भरून पाहून घेतलं. पुढं कर भरायला त्यांनी राहतं घर विकलं, तेव्हा मी शेजारी पेढे वाटले.

त्या दिवशी कचेरीतून परतताना टांग्यात मला हसू आवरेना. अव्वा मात्र बंद दुकानावरून जाताना तोंड फिरवून बसली. त्या दिवसापासून ती अण्णांना "तुझा बाप" म्हणायला लागली. मालक हा शब्द तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही, आणि काकांना त्याचीही माफी नाही.