पठाणपुऱ्याबाहेरची पंगत

साखळीभाऊ शिव्या देत चालायचे. चांद्याच्या परकोटाला कुठे नवं भगदाड दिसलं, की तिथला दगड कोणाच्या घराची पायरी झाला हे त्यांना नेमकं ठाऊक असायचं. मग त्या घरासमोर उभं राहून ते मालकाचा नावानिशी उद्धार करायचे. मोजणीखात्यात तीस वर्षं त्यांनी जमीन मोजायची लोखंडी साखळी ओढली, म्हणून साखळीभाऊ. माणूस गोंड, ही भिंत गोंड राजांनी बांधलेली, आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी तिचेच दगड काढून आपले ओटे बांधत होती. राग येणार नाही तर काय होणार?

मी वरोऱ्याचा. नागपूर अजून राजधानी होतं त्या काळात चांद्याच्या शाळेत भूगोल शिकवायला आलो. एकदा मी फळ्यावर शहराचा नकाशा काढत होतो आणि साखळीभाऊ खिडकीतून बघत होते. शाळा सुटल्यावर त्यांनी मला फाटकात गाठलं.

"मास्तर, बिनबा दरवाजा कुठी नेऊन ठेवला तुमी? इरईच्या पाण्यात पोरं बुडतीन तुमच्या नकाशानं."

दुसऱ्या रविवारी पहाटे ते मला घ्यायला आले. मी येणार की नाही, हे त्यांनी विचारलंही नाही.

पुढची दोन वर्षं आमचे रविवार असेच गेले. एका रविवारी एकच वेस, आणि त्या वेशीचं जे खाणं असेल ते खाल्ल्याशिवाय परतायचं नाही. जटपुऱ्याला लाखोळीच्या डाळीचे वडे, बिनब्याजवळ ढीवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, घरी इरई नदीचे झिंगे आणि भात, अचलेश्वराकडे द्रोणातले उकडलेले शिंगाडे. मी पहिल्यांदा ढीवरांच्या अंगणात जेवायला बसताना जरा अवघडलो, तर साखळीभाऊंनी चारचौघांत माझी खरडपट्टी काढली. "बजारातले झिंगे खाता ना? मंग ते बी त्यायच्याच हातचे, त्यात काय एवढं?" शहर कोणी बांधलं ते पुस्तकात मिळेल, पण त्यात कोण जगतं ते चुलीपाशीच कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते तेव्हा पटलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

त्या वर्षी भादव्यात नागपूरहून काही बडे पाहुणे शहर बघायला येणार अशी बातमी आली. स्वागत समिती झाली. भूगोलवाला म्हणून तीत मीही होतो. मी समितीत सांगितलं, शहर दाखवावं तर साखळीभाऊंनी. चिटणीस हसले, त्यांना मोटारीत घ्यायला नकोच म्हणाले. पण दरवाजे आणि गोंड राजांच्या समाध्यांची माहिती समितीत माझ्याशिवाय दुसऱ्या कोणालाच नव्हती, तेव्हा पठाणपुऱ्यापर्यंतचा कार्यक्रम मी म्हणेन तसा ठरला. मी आनंदात साखळीभाऊंकडे गेलो. म्हणालो, "शेवटी पठाणपुऱ्याला तुमच्याकडे जेवायला पाहुण्यांना मी स्वतः घेऊन येतो."

पठाणपुऱ्याबाहेर त्यांच्या बहिणीचं गाव होतं, दहा-बारा घरांचं. त्यांच्यात नवं धान देवाला दाखवल्याशिवाय कोणी दाणाही तोंडात घालत नाही, आणि नव्याचा दिवस गावचा भुमक, म्हणजे त्यांचा पुजारी, ठरवतो. तो दिवस अजून बारा दिवस लांब होता. साखळीभाऊंनी भुमकाचे पाय धरले. पाहुण्यांच्या पानात जुना तांदूळ कसा वाढायचा, म्हणून त्या वर्षी त्या गावाने नवं आधीच केलं. हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाच्या लोंब्या कापल्या, बायकांनी ते कांडलं, देवाला दाखवलं. नव्या तांदळाचा भात आणि वास्त्यांची, बांबूच्या कोंबांची, भाजी रांधून सगळं गाव वाट बघत बसलं.

पाहुणे आले. मोटारी जटपुऱ्याला थांबल्या, समाध्यांपाशी थांबल्या, फोटो निघाले. पठाणपुरा जवळ आला तसे चिटणीस मागून म्हणाले, "वेळ नाही. आणि हे काय, गोंडांच्या अंगणात पंगतीला बसवणार का यांना? टाऊन हॉलात फराळ मांडलाय." मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. वेशीत साखळीभाऊ धुतलेलं धोतर नेसून, पागोटं बांधून उभे होते. मला बघून त्यांनी हात वर केला. थांबव म्हणायला मला एक शब्द पुरला असता. मी नोकरीचा विचार केला, चिटणिसांच्या चेहऱ्याचा विचार केला, आणि गप्प बसलो. मोटार वळली. टाऊन हॉलात मी चिवडा खाल्ला. त्या चिवड्याचा आणि तो खाणाऱ्या माझा मला आजही संताप येतो. चिटणिसांना काय दोष द्यायचा? ते तसेच होते आणि तसं दाखवतही होते. मी तर दोन वर्षं जेवलो होतो.

संध्याकाळी धावत त्या गावात गेलो. अंगणात पत्रावळी तशाच मांडलेल्या होत्या. बायका माझ्याकडे न बघता त्या उचलू लागल्या. म्हातारा भुमक ओट्यावर बसून होता. साखळीभाऊ कोपऱ्यात उभे होते. मी तोंड उघडायच्या आधीच ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या भरवशावर देवाले घाई केली मी."

मी धरूनच आलो होतो की ते मला आईबापावरून शिव्या देतील, सगळ्या गावासमोर देतील, आणि मी खाली मान घालून ऐकेन. मला त्या हव्याच होत्या; त्यांनी एकही दिली नाही.

पुढच्या रविवारी पहाटे मी तयार होऊन बसलो. ते आले नाहीत. आठ वाजता मीच निघालो, तर जटपुऱ्याच्या वेशीत ते समोरून येताना दिसले. मी म्हटलं, "भाऊ, चला."

त्यांनी रस्त्याच्या कडेला होऊन मला वाट करून दिली. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला हात जोडले.

"तुमी व्हा समोर, साहेब," ते म्हणाले. "मले काम हाये."