आईची भोजली

नवं राज्य झालं, त्याच्या पुढच्या श्रावणात मोठे काका नागपूरहून आम्हांला परत न्यायला आले. बाबा रायपुरात, त्या नव्या राज्याच्या राजधानीत, सरकारी कचेरीत होते. मी तेव्हा आठवीत.

"राज्य त्यांचं झालं. आता तुम्ही इथं कोण?" काका आल्या आल्या म्हणाले.

"देश तर एकच आहे ना, दादा," बाबा म्हणाले.

"देश नकाशात असते. लग्नाले अन् मयतीले आपलेच लोक लागतेत."

बाबांनी काकांची पिशवी उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी, राखीच्या पाठोपाठ, भोजलीचा सण होता. टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब डोक्यावर घेऊन साऱ्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया गात तळ्याकडे निघाल्या. आई आणि मीही निघालो. आमची शेजारीण पुढे होती. तिचा नवरा बीरगावच्या कारखान्यात होता. आईला टायफॉइड झाला तेव्हा तिनंच आम्हांला जेवू घातलं होतं.

टोपल्या पाण्यात सोडून झाल्यावर थोडे कोंब हातात ठेवून ती आईसमोर उभी राहिली. "दीदी, मोर संग भोजली बदबे?"

भोजली बदायची म्हणजे एकमेकींच्या कानामागे ते कोंब खोवायचे आणि जन्मभराच्या बहिणी व्हायचं. जात-कूळ कोणी विचारत नाही. त्यानंतर नाव घ्यायचं नाही, फक्त 'भोजली' म्हणायचं.

काका घाटावर छत्री घेऊन उभे होते. "सूनबाई, आपल्यात असं नसते."

आई त्यांना कधीच उलट बोलली नव्हती. तिनं पदर सावरला. "भाऊजी, पूजेले बसता तेव्हा साऱ्या जगाचं भलं मागता. मग भिंतीपल्याडची बाई परकी काहून?" आणि शेजारणीकडे वळून म्हणाली, "हव, बदबो!"

कोंब कानामागे गेले. "सीताराम भोजली!" दोघी एकदमच म्हणाल्या आणि बायांनी असं गाणं उचललं की तळं दुमदुमलं. मी तर उड्याच मारत होते.

संध्याकाळी ती बेसनाच्या ठेठरीचं ताट घेऊन आली. काल डोक्यावर पदरही न घेता काकांशी बोललेली बाई आज त्यांना पाहताच दारातच थबकली, हनुवटीपर्यंत पदर ओढला आणि लांबूनच वाकली.

"भोजली, हे काय?" आईनं विचारलं.

पदराआडून आवाज आला, "तोर कुराससुर, मोरो कुराससुर."

कुराससुर म्हणजे थोरला दीर; इथं सुना त्याच्यासमोर पदर ओढतात. आईचा तो आता तिचाही. काका गडबडून खुर्चीतून उठले. आशीर्वादाला हात वर गेला तो बराच वेळ तसाच राहिला. मग त्यांनी स्वतःच आईसाठी नागपूरहून आणलेल्या साडीकडे पाहिलं.

"पोरी, चप्पल घाल," ते मला म्हणाले. "घरात सुना दोन अन् साडी एक, हे चालते का?"

आम्ही रिक्षानं गोलबाजारात गेलो. काकांनी अख्खं दुकान उलथंपालथं केलं. तस्सेच काठ हवे होते त्यांना! दुकानदारानं विचारलं, "किसके लिए, भैया?" काका छाती काढून म्हणाले, "छोटी बहू के लिए."

परत जायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. जाताना स्टेशनवर आम्ही दोन्ही घरं होतो. भोजलीच्या नवऱ्यानं काकांची पिशवी डब्यात चढवली. काकांनी खिडकीतून त्याचा हात धरला आणि गाडी हलेपर्यंत बजावत राहिले, "नागपूरले याल तर माझ्याच घरी उतरा. समझे ना? सीधा घर!"