वरची पट्टी

चाकणच्या पुढे, खेडच्या अंगाला वाइनच्या द्राक्षांची एक बाग आहे. तिथं कोंडीराम एकोणीस वर्षं मुकादम होता. बाग एकच, पण वरच्या मुरमाड पट्टीतले मणी बारीक, रसाला गडद. खाली काळ्या जमिनीत वेल नुसता पाल्यानं माजायचा. वरचा माल वेगळा तोडा, असं तो दर हंगामात सांगायचा. मालक हसायचा आणि सगळा माल एकाच टाकीत जायचा.

मग मारुंजीच्या एका कंपनीनं बागेवरून ड्रोन फिरवला. कोंडीरामची मुलगी स्वप्नाली त्याच कंपनीत होती. फोटोंवरून वेलींचा जोम मोजून तिनं नकाशा केला; जोमदार वेल हिरवे, अशक्त तांबडे. तांबडं मात्र दोन जागी आलं, वरच्या पट्टीत आणि खाली ओढ्याकाठी. म्हणून ती वडिलांना घेऊन दोन दिवस बागेत हिंडली.

"वरचं तांबडं मुरमामुळं. त्यो माल सोन्यावानी हाय," कोंडीराम म्हणाला. "वढ्याकाठी मुळ्या कुजल्यात. दोन्ही एकात घालू नगंस."

तिनं सगळं टिपून घेतलं.

नकाशावर मालकाचा लगेच विश्वास बसला. त्या साली वरची पट्टी वेगळी तोडली आणि तिची वाइन नावाजली गेली. मे महिन्यात मालकानं कोंडीरामला बोलावून सांगितलं, आता मुकादम नको, नकाशा बघून कंत्राटी टोळी तोडणी करेल.

कोंडीराम चाकणला एका कारखान्याच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहू लागला. एका रविवारी स्वप्नाली घरी आली, तेव्हा त्यानं नकाशासोबत मालकाला दिलेला अहवाल बघायला मागितला. सगळा इंग्रजीत होता.

"माझं नाव कुठं हाय?"

तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "स्थानिक मजुराकडून खात्री केली, असं लिहिलंय. मी नाव घातलं होतं, आबा. आमच्या कंपनीतल्या साहेबांनी काढलं."

"आन् तू काय म्हनलीस?"

तिनं लॅपटॉप मिटला. त्या दिवशी ती जेवायला थांबली नाही.

पुढच्या तोडणीच्या आधी, तो गेटवर असताना तिचा फोन आला. नव्या नकाशात बागेतल्या विहिरीपाशी नवीनच तांबडा डाग दिसत होता. कशामुळं असेल, असं ती विचारत होती. फोन ठेवून द्यावा, असं कोंडीरामला फार वाटलं. पण विहिरीकडचे वेल डोळ्यांपुढून हलेनात. तिथं ठिबकच्या नळ्या उंदरं कुरतडतात, पाणी पोचत नसेल, तो माल वरच्यात मिसळू नका, असं त्यानं सांगितलं.

पलीकडे ती टाइप करत असल्याचं ऐकू येत होतं. नावाचा विषय तिनं काढला नाही, त्यानंही काढला नाही. बाहेर ट्रकनं हॉर्न दिला, तसा तो गेट उघडायला उठला.