बुडाला लाल ठिपका असलेला कप

गणवेश कुरिअरने आला तेव्हाच माझं डोकं सणकलं. पांढरी पँट, बंद गळ्याचा पांढरा कोट, पितळी बटणं आणि वेगळ्या डब्यात नीट ठेवलेली टोपी. सोबत चिठ्ठी होती: 'ड्रायव्हरकाका, रविवारी हे घालून या. आपली गाडी प्रदर्शनात आहे.' माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, ती गाडी एकतीस वर्षं चालवली. त्या एकतीस वर्षांत ती 'आपली' आहे असं त्यांना कुणी एकदाही सांगितलं नव्हतं.

दादा एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठ जाऊन बरीच वर्षं झाली. मरून रंगाची, लांब नाकाची ती विलायती गाडी बंगल्याच्या गॅरेजात कापडाखाली झोपून होती. आता शेठच्या मुलाला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाची हौस आली होती. तिथला नियम असा, की गाडीने परीक्षकांसमोर स्वतःच्या इंजिनावर एक फेरी मारली पाहिजे. दोन मेकॅनिक झाले, पण गाडी दम धरेना. मग कुणाला तरी आठवण झाली, की हिची खोड एकाच माणसाला माहीत आहे आणि तो अजून जिवंत आहे.

दादा तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. आई गेल्यापासून ते वाघोलीला आमच्याकडेच असतात. त्यांनी टोपी घालून आरशात तीनदा पाहिलं आणि मला सांगितलं, "तीन पास द्या म्हणालोय त्यांना. तुझ्या आत्याला घ्यायचं. काकाला घ्यायचं. पण आमंत्रण घरी जाऊनच द्यायचं."

मी म्हटलं, "फोनवर सांगा की."

"फोनवर सांगितल्यावर कोण येतं? लोक म्हणतील, बोलावलं नाही."

म्हणजे आधी हडपसर, मग मंडई, मग प्रदर्शन. रविवारच्या पुण्यात एवढा प्रवास म्हणजे सहलच, आणि ती माझ्या गाडीतून, माझ्या पेट्रोलवर, शेठच्या मुलाच्या हौसेसाठी. मला बहुतेक गोष्टींची शिसारी येते. बायको म्हणते, हा पुण्यात राहिल्याचा परिणाम आहे. मी म्हणतो, पुण्यातली माणसं पाहिल्याचा.

दादांच्या हट्टामागे काय होतं ते मला ठाऊक होतं. आत्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नात नवरी त्या गाडीतून येणार, असं दादांनी सगळ्या भावकीत सांगून ठेवलं होतं. शेठनी तसा शब्द दिला होता. ऐन दिवशी शेठना क्लबात जायचं आठवलं. दादा शेठना क्लबात सोडायला गेले आणि भाची रिक्षातून मांडवात आली. आत्या त्यावर कधी बोलली नाही. म्हणूनच ते दादांना टोचत राहिलं. आत्याने त्यांना त्या गाडीच्या स्टिअरिंगवर एकदा तरी बघावं, एवढंच त्यांना हवं होतं.

रविवारी सकाळी दादा बाल्कनीत बसून बुटांना पॉलिश करत होते. स्वयंपाकघरात कामाच्या मावशी भांडी घासत होत्या. बायकोने चहा गाळला, आमचे कप ट्रेमध्ये ठेवले, मावशींचा चहा त्यांच्या कपात ओतला. कान तुटलेला पिवळा कप, बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनवर असतो तो. मावशी तिथेच उभ्या राहून प्यायल्या. दादांनी बूट बाजूला सरकवून त्यांना वाट दिली. मी टँकरवाल्याच्या नावाने शंख करत होतो, कारण त्याने फाटकाशी चिखल करून ठेवला होता आणि मी आदल्याच दिवशी गाडी धुतली होती.

नगर रस्त्याविषयी मी काही लिहीत नाही. ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांचं बरं चाललं आहे. हडपसरला पोचायला दीड तास लागला. दादा मागच्या सीटवर बसत नाहीत, कधीच नाही. ते माझ्या शेजारी बसून प्रत्येक सिग्नलला स्वतःचा उजवा पाय दाबत होते.

आत्याच्या घरात सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. सोफा घेऊन नऊ वर्षं झाली. बसलं की पँट चिकटते आणि उठताना आवाज येतो. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, शेजारी बुद्ध, खाली नातवाच्या शाळेची ढाल. आत्याने दादांना पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"काय झकास दिसतोय रं दादा! बँडवाल्यावानी!"

दादा खूश झाले. मला हसावं की रडावं कळेना. पोहे आले, तेलात पोहणारे. मग चहा आला, जाड सायीचा. साय मी बोटाने काठाला सारली आणि प्यायलो, कारण आत्याकडे कप परत करता येत नाही. दादांनी चहा संपवला, उठले आणि सरळ मोरीकडे गेले. नळाखाली कप विसळला, बशी विसळली, ओट्यावर उपडी घातली.

"ठेव की तो कप तिथंच. घरात काय माणसं न्हाईत व्हय?" आत्या दर वेळी हेच म्हणते.

"झालं, झालं," दादा म्हणाले. हेही दर वेळचंच.

मला त्या विसळण्याची चीड येते. लहानपणापासून येते. लग्नात, सत्यनारायणाला बोलावणाऱ्या शेजाऱ्यांकडे, माझ्या कंपनीतल्या साहेबाच्या घरी, जिथे चहा घेतील तिथे हा माणूस उठून कप धुणार. साहेबाच्या बायकोला ते फार गोड वाटलं होतं. मी त्या दिवशी लिफ्टमध्ये दादांशी बोललो नव्हतो.

ही सवय कुठे लागली ते मी पाहिलं आहे. नऊ वर्षांचा असताना शाळेला सुट्टी होती म्हणून दादा मला बंगल्यावर घेऊन गेले होते. गॅरेजच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात दादांचा कप असायचा. पांढरा, कडेला निळी रेघ आणि बुडाला लाल नेलपेंटचा ठिपका. स्वयंपाकीण वरून, अंतर राखून, त्यात चहा ओतायची. मी विचारलं, हा ठिपका कशाला? दादा म्हणाले, "चुकून आतल्या कपांत मिसळू नये म्हणून. बाईसाहेबांनी स्वतः लावलाय." हे त्यांनी असं सांगितलं, जसं काही बाईसाहेबांनी त्यांना बक्षीस दिलं होतं. मग त्यांनी नळावर कप धुतला आणि कोनाड्यात उपडा ठेवला.

हडपसरहून आत्या गाडीत बसली, मागे. मंडईच्या मागच्या गल्लीत काका राहतात. दादांचे चुलतभाऊ, सरकारी नोकरीतून निवृत्त, भावकीत सगळ्यात शिकलेले आणि सगळ्यात खवट. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत मी तीन चकरा मारल्या. सडलेल्या कोबीच्या पाल्याचा वास काचा बंद असूनही आत शिरला होता. काकांकडे तिसरा चहा झाला. दादांनी पुन्हा कप विसळला. काका चष्म्यावरून बघत राहिले.

"गाडी त्यांची, बक्षीस त्यांचं," काका म्हणाले. "तुमच्या वाट्याला काय? टोपी?"

"बघायला तर चला," दादा म्हणाले.

"येतो. रविवारी दुसरं काय काम आहे आम्हाला."

मला काकांचा राग आला, कारण मी सकाळपासून नेमकं हेच म्हणत होतो.

प्रदर्शन एका मोठ्या मैदानावर होतं. धूळ, सनई आणि अत्तर यांचं मिश्रण. पट्ट्यांची पँट घातलेले, गळ्याला बो लावलेले पुरुष. छत्री घेऊन उभ्या राहिलेल्या बायका. जुन्या काळाचा आव आणलेली ही माणसं, आणि त्या काळात आपण कुठे उभे असतो हा प्रश्न यांतल्या एकालाही पडलेला नव्हता. शेठचा मुलगा धावत आला. "काका! अहो काय दिसताय आपण! एकदम ओरिजिनल!" त्याने दादांना गाडीशेजारी उभं केलं आणि चार लोकांनी फोटो काढले. एकाने दादांना मागचं दार उघडून धरायला सांगितलं. दादांनी धरलं, डाव्या हाताने, मान किंचित झुकवून. इतक्या वर्षांनीही कोन चुकला नव्हता. मी बघवत नाही म्हणून दुसरीकडे पाहिलं.

पण मग फेरी झाली, आणि ती सांगितली पाहिजे.

दादा स्टिअरिंगवर बसले. त्यांनी चोक ओढला आणि थांबले. शेठचा मुलगा म्हणाला, "काका, मारा ना स्टार्टर." दादांनी हात वर करून त्याला गप्प केलं. त्या घरातल्या कुणाला त्यांनी गप्प केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. नऊपर्यंत आकडे मोजले, पाय दोनदा अर्धा दाबला, आणि गाडी खोकली, थरथरली, सुरू झाली. मैदानभर फेरी मारताना ते ताठ बसले होते. चेहऱ्यावर हसू नव्हतं. माझ्यासमोरून गेले तेव्हा त्यांना मी दिसलोही नसेन. आत्या दोरीपाशी उभी राहून ओरडत होती, "आमचा दादा हाय! आमचा दादा हाय त्यो!" काकांनी चष्मा काढून पुसला आणि धूळ फार आहे म्हणाले.

हे इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

गाडी जागेवर आली. तिथे शेठच्या सुनेने एक टेबल मांडलं होतं. गाडीची जुनी नंबरप्लेट, हत्यारांची पेटी, शेठचा फोटो. आणि पांढरा, कडेला निळी रेघ असलेला एक कप. पुढे सुबक अक्षरात पाटी: 'आमच्या ड्रायव्हरकाकांचा कप.'

"सरप्राइज!" सून म्हणाली. "काका, बघा ना, आईंनी जपून ठेवला होता! गॅरेज साफ करताना सापडला. आज आपण चहा यातूनच घ्यायचा." तिने थर्मास उघडला. तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं, आणि त्याचीच मला सर्वांत जास्त किळस आली. तिने कप उचलला तेव्हा तो क्षणभर तिरका झाला आणि बुडाचा लाल ठिपका आम्हाला चौघांनाही दिसला. नेलपेंट जरा उडालं होतं, इतकंच.

आत्याचा चेहरा उतरला. तिने चाळीस वर्षं लोकांच्या घरी भांडी घासली आहेत. तिला ठिपका कशाचा हे सांगावं लागत नाही. काका दादांकडे बघत होते. मीही बघत होतो. नको म्हणा. आत्ताच गाडी चालवलीत ना, आत्ताच त्याला गप्प केलंत ना, मग आता फक्त दोन शब्द म्हणा. सकाळपासून तीन चहा झालेत, एवढं जरी म्हणालात तरी चालेल.

दादांनी टोपी काढून काखेत धरली, दोन्ही हातांनी कप घेतला आणि चहा प्यायले. पूर्ण. लोक फोटो काढत होते. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तंबूमागे पाण्याचा नळ होता तिथे गेले, कप धुतला आणि टेबलावर आणून उपडा ठेवला. लाल ठिपका वर. सुनेने टाळ्या वाजवल्या.

परतीच्या वाटेवर काकांना मंडईपाशी सोडलं. ते नुसते "येतो" म्हणाले, खवट काही नाही. हडपसरला उतरताना आत्याने दादांचा हात धरला. "गाडी चांगली चालवलीस, दादा." बाकीचं तिने पाहिलंच नाही, असं तिने ठरवलं होतं.

पुढे खराडीच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या तिथे माझा तोल सुटला.

"का प्यायलात? त्या बाईने तुमच्या तोंडावर शेण मारलं आणि तुम्ही ते गोड मानून घेतलंत. आत्यासमोर! काकांसमोर! शिसारी आली मला. आपल्या घरात फोटो लावायचे, वंदना म्हणायची, आणि तिथे जाऊन ठिपक्याचा कप धुवायचा. शरम वाटत नाही?"

दादा समोर बघत होते. पुढची गाडी हलली तसा त्यांनी उजवा पाय सैल सोडला. "चल," एवढंच म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा मावशी संध्याकाळच्या कामाला आल्या होत्या. बायकोने चहा टाकलेलाच होता. मी हॉलमध्ये पंखा लावून बसलो, अजून धुसफुसत. दादा कोट काढून, बाह्या सरसावून स्वयंपाकघरात गेले. तिथून बाल्कनीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कान तुटलेला पिवळा कप होता.

"यात ओत," ते बायकोला म्हणाले. ती गोंधळली. "दादा, तो मावशींचा..." म्हणाली आणि थांबली. ट्रेमधला फुलाफुलांचा कप दादांनी उचलून मावशींच्या हातात दिला. मावशी तो धरून उभ्या राहिल्या, कुठे बसावं ते न कळून. दादांनी पिवळ्या कपातला चहा ओट्यापाशी उभ्यानेच संपवला. मग विसळला आणि आमच्या कपांच्या रांगेत, मधोमध उपडा घातला. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. बूट काढून ते आपल्या खोलीत गेले.

बायको आणि मी त्या रांगेकडे बघत राहिलो. आमच्या घरात कुणी नेलपेंटचा ठिपका लावला नव्हता. तुटलेल्या कानाने आमचं काम भागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी येण्याआधी मी चहा करायला उठलो. मावशींनाच अवघडल्यासारखं होईल, असं मी मनात दोनदा म्हणालो. मग रांगेतून पिवळा कप उचलला आणि वॉशिंग मशीनवर नेऊन ठेवला.