राळेचा सांधा

मी तेव्हा पंचविशीतला, आणि डोकं कायम तापलेलं. निजामाच्या राज्यात दौऱ्यावर फिरणाऱ्या एका साहेबाच्या तंबूंवर पाण्याचं काम करायचो. साहेबाला हैदराबादेतल्या नळाची सवय. म्हणून हदगावच्या उघड्या माळावरसुद्धा बैलगाडीवर लोखंडी पिंप चढवायचं, त्यात कढत पाणी ओतायचं आणि तिथून न्हाणीच्या तंबूत नळी न्यायची. असली थेरं. पाणी थांबलं की हंटर, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पिंपाचा आणि नळीचा सांधा राळेनं बुजवायचा. उन्हाळ्यात राळ नरम राहते, पौषात पाकासारखी कडक होऊन तडकते. हे मला आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं शिकवलं. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांच्या हातांवर सहा माणसांचं घर चालायचं.

पौषातल्या एका संध्याकाळी वारं सुटलं, नळी हलायला लागली, म्हणून मी ती तंबूच्या खांबाला आवळून बांधली.

"काय करून राहिलास? तंबू हिसके देईल, सांधा फुटंल. सोड ते," म्हणत मामांनी सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांची पाठ वळताच मी सुतळीला आणखी दोन वेढे दिले.

रात्रभर वाऱ्यानं तंबू हिसके देत राहिला. सकाळी थंडीनं बोटं वाकत नव्हती. कढत पाणी पिंपात पडलं आणि सांधा फाडकन उडाला. साहेब अंगाला साबण लावून उभा. तसाच पंचा गुंडाळून हंटर घेऊन बाहेर आला, खांबाला आवळलेली नळी त्यानं पाहिली.

"किसने बांधा?"

मी मामांकडे बोट केलं. ते बोट तेव्हाच झडायला हवं होतं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि साहेबापुढं जाऊन उभे राहिले. हंटर तोंडावर बसला, पाठीवर बसला. ते खाली पडले तेव्हा साहेबानं हंटरची जाड मूठ त्यांच्या उजव्या हातावर घातली, दोनदा, तीनदा. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. कुणीच जागचं हललं नाही. मी तर नाहीच.

दुपारी मामा चुलीपाशी बसले होते. हात फडक्यात, एक डोळा सुजून बंद. मी पाय धरायला वाकलो, त्यांनी पाय मागं घेतले.

"राळ वितळव," ते म्हणाले. "थोडं करडीचं तेल घाल, मंग थंडीत तडकत न्हाई. सांधा आता तुलाच करावा लागंल."

मी तो केला. महिन्याभरात त्यांची जागाही मलाच मिळाली.